'व्हाइट फिश' म्हणजे कुठला मासा?

आषाढातल्या एका रविवारी लेक पुण्याहून आली होती. लोट्याचा पाऊस लागला होता. समोरच्या बिल्डिंगचा रंगसुद्धा दिसत नव्हता. "आज मी करते, तू नुसती बस," म्हणत तिने मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ओट्यावर उभा केला. पाककृतीचं नाव इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर, 'आशियाई धर्तीचा मासा, सोबत भात आणि हिरवी भाजी'. अर्ध्या तासात, चौघांसाठी.

मी बसले खरी, पण उभी हयात मराठी शिकवण्यात गेल्याने समोर मजकूर आला की आपोआप वाचला जातो, आणि वाचला की तपासला जातो. तसा हाही तपासला. सोया सॉस दीड टेबलस्पून. आलं एक इंच, बारीक सळ्या करून. तिळाचं तेल एक टीस्पून, शेवटी. जास्मिन तांदूळ एक कप, तीन पाण्यांत धुऊन. बॉक चॉय दोन गड्डे, न मिळाल्यास कोणतीही हिरवी पालेभाजी. आणि यादीच्या सगळ्यात वर : 'व्हाइट फिश'चे चार तुकडे, काटे व कातडं काढलेले.

आल्याचे इंच सांगितले, तेलाचे थेंब सांगितले, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याचा नुसता रंग सांगितला. माणसाची ओळख करून देताना "हे एक गोरे गृहस्थ" एवढंच म्हणावं, तसं.

लेक म्हणाली, "आई, तो पापलेट, बासा, काहीही चालतं असा अर्थ आहे."

मला तेच खटकलं होतं. काहीही चालतं असा अर्थ सोया सॉसच्या बाबतीत नव्हता. तिथे 'कमी मिठाचा घ्या' अशी सूचना होती.

या प्रकारच्या पाककृती आता घरोघरी वाचल्या जातात, त्यावरून रांधलं जातं. त्यांच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून बघायला हरकत नाही. आधी त्यांचं चांगलं सांगते. त्यांची क्रियापदं नेमकी असतात. आमच्या आयांच्या पिढीचं 'अंदाजाने', 'बेताचं', 'वास सुटेपर्यंत' हे ज्याला आधीच येतं त्यालाच कळायचं. नव्या सुनेला त्याने रडवलेलं आहे. ही पाककृती सांगते की मासा काट्याने अलगद दाबावा, पदर सुटले की शिजला, त्यापुढे एक मिनिटही ठेवू नये. हे उत्तम आहे. कालवणात मासा जास्त शिजला तरी रस्सा सांभाळून घेतो, त्यामुळे आपण या बाबतीत थोडे निष्काळजी असतो. पंचविशीतली, एकटी राहणारी, आईला फोन न करता स्वयंपाक करू बघणारी मुलगी या मजकुराला कळते, आणि तोही तिला कळतो. पाककृतीच्या लेखकाने वाचक ओळखलेला आहे. ओळखलेला नाही तो मासा.

आता 'आशियाई' हा शब्द घेऊ. इंग्लंडमध्ये 'एशियन' म्हटलं की बहुधा भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याच शब्दाने चिनी, जपानी, कोरियन माणूस येतो. पाककृतींमधला 'एशियन' हा दुसऱ्या जातीचा. तो फिरत फिरत आमच्या ओट्यावर आला, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन बायका, ज्या रोज मासा, भात आणि पालेभाजी खातात, त्यांनी आज 'काहीतरी आशियाई' करायचं ठरवलं! ज्या दाभोळच्या बंदरात पंधराव्या-सोळाव्या शतकात अरबस्तान-इराणची गलबतं लागत होती, तिथून आम्ही फार लांब नाही. पण या शब्दाचा आशिया आमच्या घरापाशी येऊन संपतो. किंबहुना आमचं घर सोडून पुढे सुरू होतो.

म्हणून 'आपलंच खरं' असं मला म्हणायचं नाही. आपल्या कालवणातली मिरची पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेतून आली, आणि थायलंडच्या तिखटाची मिरचीही तीच. उलट, नाती शोधायला गेलं तर अनपेक्षित जागी सापडतात. बांगड्याच्या कालवणात आपण तिरफळं ठेचून टाकतो. चिनी स्वयंपाकात जिभेला मुंग्या आणणारं सिचुआनचं मिरं असतं, ते याच तिरफळाच्या वंशातलं. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कुळनाव एकच, झँथोझायलम. पण 'आशियाई धर्ती'च्या यादीत ते नव्हतं, आणि आमच्या डब्यात होतं. शिक्का मोठा झाला की असे धागे दिसेनासे होतात. कँटनचं आलं, जपानचं व्हिनेगर, थायलंडचा तांदूळ एका भांड्यात येतात आणि त्यांतलं कोणी कोणाचं काही लागत नाही.

मी लेकीला म्हटलं, "आपल्याकडच्या पुस्तकांतही माशाचं गाव लिहिलेलं नसतं, हे मात्र खरं." तिने लगेच विचारलं, "मग यालाच का झोडपतेस?"

प्रश्न रास्त होता. मी त्यावर विचार केला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे १९१० सालचं पुस्तक आहे. पाठारे प्रभूंच्या, म्हणजे मासळीवर जीव असलेल्या मुंबईकर समाजाच्या घरातलं. अशा पुस्तकाला मासा कुठला ते सांगायची गरजच नव्हती असं मला वाटतं. तो मासा कोळणीच्या टोपलीतून दारात यायचा. घरातली मोठी बाई कल्ला उचलून बघायची, पोटावर बोट दाबायची, कोणत्या महिन्यात कोणता मासा भरलेला असतो हे तिला ठाऊक असायचं. पुस्तक जिथे गप्प होतं तिथे माणसं बोलत होती. आजच्या पाककृतीची चुप्पी वेगळी आहे. कातडं आणि काटे काढलेला, डोकं नसलेला, बर्फात गोठलेला पांढरा तुकडा समोर ठेवल्यावर विचारायचं कोणाला? कल्लाच नाही, तर उचलणार काय? तिथे पुस्तकही गप्प, आणि पाकीटही.

याच्या उलट टोकाला शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचं पुस्तक आहे. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीचं. त्यात पदार्थ आणि तो ताटात का, कसा, कोणाच्या नाकारण्यातून आला हे एकमेकांपासून सोडवताच येत नाही. ते पुस्तक वाचल्यापासून नुसती 'साहित्य' आणि 'कृती' या दोन मथळ्यांची पाककृती मला अपुरी वाटते. तिसरा मथळा हवा : 'कुठून'.

आणि लोट्याला राहणाऱ्या माणसाला हा तिसरा मथळा टाळता येत नाही.

लोटे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचं, खेड आणि चिपळूणच्या मधलं पठार. खाली उतरलं की परशुराम घाट, त्याच्या पायथ्याशी वाशिष्ठी. इथली औद्योगिक वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची आहे. माझा नवरा यांतल्याच एका कारखान्यात सत्तावीस वर्षं होता. लेकीचं शिक्षण, हे घर, तिच्या हातातला मोबाइलसुद्धा त्या पगारातला. वसाहतीचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने दाभोळच्या खाडीत जातं. चिपळूणवरून आलेली वाशिष्ठी आणि खेडवरून आलेली जगबुडी एकत्र होऊन जिथून समुद्राकडे जातात, तीच ही खाडी. तिच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणारी गावं आहेत, भोई समाजाची मोठी वस्ती आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ साली अहवाल दिला, त्यात लोट्याचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतली घटलेली मासळी हा विषय नोंदलेला आहे. मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याच्या बातम्या त्याआधीही येत होत्या, नंतरही आल्या. खाडीच्या लोकांनी संघर्ष समिती काढली, मोर्चे काढले. आमच्या कॉलनीत या बातम्या वाचून पेपर घडी करून ठेवला जातो. त्यावर बोलायचं झालं तर कोणाच्या तरी जेवणाच्या ताटावर बोलावं लागतं : त्यांच्या किंवा आपल्या.

त्यात दिवस आषाढाचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते; माशांच्या विणीचे दिवस. मोठ्या माशांचे साठे तेव्हा बर्फातले किंवा बाहेरून आलेले. ताजं म्हणून जे मिळतं ते नदीचं, शेतात चढलेलं किंवा खाडीतल्या लहान होड्यांचं, कारण बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी नाही. थोडक्यात, ज्या दिवसांत खाडीवाल्यांना चार पैसे मिळायचे, त्याच दिवसांत आमच्यासारखे लोक 'कुठला?' असं जास्त विचारतात.

दहाच्या सुमाराला मावशी आली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, खाली टोपली. वीसेक वर्षं ती या कॉलनीत येते. टोपली उतरवायच्या आधीच, मी काही विचारायच्याही आधी, म्हणाली, "वयनी, खाडीतला नाय हां ह्यो. समिंदरातला हाय."

टोपलीत थोडी बोय होती, आणि खाली पानात गुंडाळलेला एक जिताडा. किलोच्या आतबाहेरचा, रुपेरी, डोळा अजून पाणीदार.

लेकीने मोबाइलवर शोधलं आणि हसायला लागली. जिताडा म्हणजे बारामुंडी. थायलंडमध्ये हाच मासा अख्खा वाफवून त्यावर लिंबू, लसूण आणि मिरचीचा रस ओततात. ऑस्ट्रेलियात हाच मासा हॉटेलांत मिरवतो. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत सगळीकडच्या खाड्यांत तो राहतो. 'आशियाई' म्हणावा असा खराखुरा मासा मावशीच्या टोपलीत होता, आणि पाककृतीला तो माहीत नव्हता.

पण पुढचं वाचल्यावर ती हसायची थांबली. जिताडा नुसता समुद्रातला नसतोच. तो विणीसाठी खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात येतो. पिल्लं खाजणांत, ओहोळांत शिरतात, तिथे वाढतात, नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत चढतात, आणि मोठी झाल्यावर पुन्हा खाली उतरतात. जाळ्यात तो कुठेही सापडो, त्याचं आयुष्य खाडीतून गेलेलं असतं. मावशीचं 'समिंदरातला' खरं असेलही, पण त्याने काही मिटत नव्हतं. आणि हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. ती खोटं बोलत नव्हती. या कॉलनीच्या दारात मासे विकायला जे वाक्य लागतं ते बोलत होती. तिच्या आईला हे वाक्य लागलं नसेल. तेव्हा खाडीतला म्हणजे चविष्ट, असं सांगून मासा विकला जाई.

मी मासा घेतला. भाव केला नाही. यात माझा मोठेपणा नव्हता. तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून मी पिशवीकडे बघत होते.

मग स्वयंपाक. पाककृतीत तुकडे परतायचे होते, पण जिताडा हाती आल्यावर लेकीला तो अख्खा वाफवायचा होता. तिने फडताळातून मोदकपात्र काढलं. "ते ठेव," मी म्हटलं, "गणपतीचं आहे." यावर पाच मिनिटं वाद झाला. शेवटी मोठ्या कढईत पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर ताटली, वर झाकण, झाकणावर वजन म्हणून खलबत्ता असं जमवलं. वाफवणं आपल्याला परकं नाहीच. पातोळ्या, मोदक, अळूवडी सगळं वाफेवरचं. माशाला मात्र आपण वाफेवर एकटा सोडत नाही, त्याला वाटण लागतं.

माशाला चिरा पाडून त्यांत आलं घातलं, खाली हळदीचं पान. भात घरचा, जाडा. बॉक चॉय लोट्याच्या बाजारात कुठला मिळायला? पावसाळ्यात इथे टाकळा असतो, भारंगी असते, कुर्डू असतो. टाकळ्याची कोवळी पानं लसणीवर परतली आणि खोबरं न घालता ठेवली. मासा उतरल्यावर वर कांद्याची पात, दोन तिरफळांची ठेचलेली सालं, सोया सॉस, आणि त्यावर कडकडीत तेल ओतलं. चर्र आवाज झाला आणि लेकीने टाळी वाजवली.

हे कडकडीत तेल कँटनच्या पद्धतीचं. तिथल्या वाफवलेल्या माशाबद्दल जे थोडं वाचलं आहे त्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या पदार्थाचा पहिला नियम सॉसचा नाहीच. तो असा की मासा जिवंत बघून निवडावा. टाकीत पोहणारा मासा दाखवतात, गिऱ्हाईक हो म्हणतं, मग तो स्वयंपाकघरात जातो, आणि डोक्या-शेपटीसकट ताटात येतो. मसाला जवळजवळ नाही, कारण माशाची परीक्षा व्हायला हवी. शिळा, चिखलट, बिघडलेल्या पाण्यातला मासा वाफेवर लपत नाही. आल्याच्या सळ्या आणि सोया सॉस हे त्यानंतरचं, वरवरचं.

'धर्तीच्या' पाककृतीने यातलं काय उचललं? बाटलीत भरता येतं ते. सोया सॉस, तिळाचं तेल, व्हिनेगर. आणि काय मागे ठेवलं? माशाची ओळख, म्हणजे मुख्य नियम. 'प्रेरित' या शब्दाविषयी माझी तक्रार एवढीच आहे. प्रेरणा घेतली म्हणायचं आणि फक्त चव घ्यायची.

आणि हे फक्त 'एशियन'वाले करतात असंही नाही. महामार्गावरच्या कुठल्याही हॉटेलात 'मालवणी फिश करी' मागवा. लालभडक वाटणात पुष्कळदा बासा असतो, मूळचा मेकाँग नदीच्या मुलखातला, तळ्यात वाढवलेला, वासाला गरीब, काटा नसलेला. त्या माशाला मी नावं ठेवत नाही. पुष्कळांना परवडणारा मासा आहे तो. पण मसाला मालवणी असला की मासा कुठलाही चालतो, हे आम्हीही मान्य केलेलं आहे. खोबऱ्याचं वाटण आमच्यासाठी सोया सॉसचं काम करतं. इतकी वर्षं मी मासा कोकमात, तिरफळात, मिरचीत बुडवला, आणि त्याचं पाणी कुठलं हा प्रश्नही त्याच रश्श्यात बुडवला. वाफेवरच्या ताटात तो प्रश्न डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता.

आम्ही तिघं जेवायला बसलो. नवऱ्याने पहिला घास घेण्याआधी मासा नाकाजवळ नेला. कारखान्यात वर्षं काढलेल्या माणसाची ती सवय आहे, तिला तो काही नाव देत नाही. "चांगला आहे," म्हणाला. खरंच चांगला होता. गोड, लोण्यासारखा, पदर सुटलेला. टाकळ्याची किंचित कडू चव आणि तिरफळाची जिभेवरची झिणझिण त्याला इतकी जमली की लेकीने भात दोनदा घेतला. पाककृतीच्या लेखकाचे मनातल्या मनात आभार मानले. त्या मजकुरावाचून हा मासा मी कधी वाफवला नसता.

पण वास नव्हता, चव उत्तम होती, याने सिद्ध काहीच होत नाही, हेही त्याच ताटावर बसून मला कळत होतं. पारा, शिसं यांना वास नसतो. असल्या धातूंना वाफ घालवत नाही, तेल घालवत नाही, लिंबूही घालवत नाही. त्या माशात काही होतं असं मी म्हणत नाही, नव्हतं असंही म्हणता येत नाही. हे नाकाने सांगता येणाऱ्यातलं नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, आणि तिचा निकाल दारात टोपली घेऊन येणाऱ्या बाईच्या हातात नसतो. आपल्या पाण्याविषयी शपथ मात्र तिलाच घ्यावी लागते. जे पाणी वापरतात, सोडतात, आणि त्यावर पगार घेतात, त्यांना दारोदार जाऊन 'ह्यो तसला नाय' असं सांगावं लागत नाही. आमच्या घरात तसं कोणी कधी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी लेकीने त्या पाककृतीचा कागद करून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. 'व्हाइट फिश' खोडून 'जिताडा' लिहिलं, 'बॉक चॉय' खोडून 'टाकळा'. मग मला म्हणाली, "आणि 'कुठून'च्या पुढे काय लिहू?"

मी तिला 'दाभोळ खाडी' लिहायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मावशी आली, टोपली उतरवली आणि तेच वाक्य सुरू केलं, "वयनी, खाडीतला नाय हां..." मी म्हटलं, "मावशी, खाडीतला असला तरी सांग. मी घेणार आहे." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग टोपलीतलं वरचं पान बाजूला करून तिने खालची बोय दाखवली आणि कुठल्या गावच्या वळणावर, कोणाच्या होडीत, किती वाजता मिळाली ते सगळं सांगितलं.